हलणारा काटा

मागच्या डिसेंबरात एका सकाळी आई भाजी आणायला गाडी घेऊन बाजारपेठेत गेली, आणि परत येताना चिंच नाक्यापासून थेट घरापर्यंत तिच्या गाडीचा उजवा इंडिकेटर चालूच राहिला. मी मागून स्कूटरवर येत होते. उजवीकडे तिला कुठेच वळायचं नव्हतं, तरी तो पिवळा दिवा इमानाने उघडझाप करत होता. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. समोरून येणारी एक रिक्षा आई वळेल म्हणून थांबली, आणि ती वळली नाही तेव्हा रिक्षावाल्याने मान बाहेर काढून काहीतरी सुनावलं. आईला त्याचा पत्ताच नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, नजर समोर. इतकी वर्षं चालवते तशीच ती शांतपणे चालवत होती. अंगणात गाडी लागल्यावर मी म्हटलं, "आई, इंडिकेटर चालूच राहिला होता तुझा." तिने दचकून डॅशबोर्डकडे पाहिलं, दांडी मागे घेतली आणि म्हणाली, "अगं, पण काटा कुठे हलत होता?"

काटा हलू नये म्हणून मीच आदल्या दिवशी त्या डॅशबोर्डखाली पाच तास घातले होते.

गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, १९७९ ची. आईने ती १९८६ मध्ये जुनी घेतली. नाव १९७४ पासून पद्मिनी असलं तरी आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणतात, आणि पेशंट म्हणायचे "बाईंची गाडी". आई डॉक्टर. चिपळूणच्या आजूबाजूच्या वाड्यांवर अडलेली बाळंतीण असली की रात्री-अपरात्री कोणीतरी दार ठोठवायचं आणि पाच मिनिटांत ती गाडी आमच्या गल्लीतून बाहेर पडायची. स्टिअरिंगजवळच्या दांडीने दुसरा गिअर टाकतानाचा तिचा तो हुंकार मी झोपेतही ओळखायचे. पेट्रोलच्या काट्यावर आईचा विश्वास मात्र कधीच नव्हता. घाटात चढाला तो एक सांगतो, उताराला दुसरं, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने वही ठेवली. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर. आता त्या वह्या सहा झाल्यात. औषधांच्या कंपन्यांनी दिलेल्या डायऱ्यांच्या मागच्या पानांवर, डॉक्टरी अक्षरात, पण आकडे स्वच्छ.

मग २२ जुलै २०२१ आला. त्या दिवसाबद्दल चिपळूणकरांना मी काय सांगणार? वाशिष्ठी आणि शिव दोघी घरात आल्या. आम्ही आईला वरच्या मजल्यावर नेलं, आणि तिथल्या खिडकीतून गाडीचं टप काही तास तेवढं दिसत होतं, उलट्या ठेवलेल्या होडीसारखं. वाशिष्ठीत कोयनेचंही पाणी येतं. सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरून, पोफळी-अलोरे-कोळकेवाडीला वीज करून ते आमच्या नदीला मिळतं. १,९६० मेगावॉटचा तो सगळा पसारा. अलोऱ्याच्या कॉलनीत आईचे कितीतरी पेशंट होते, त्यामुळे लहानपणी मी ती जनित्रं पाहिली आहेत. पायाखालची जमीन थरथरत असलेली मला आठवते. वीज आणि पाणी या दोन गोष्टी आमच्या गावात अशा एकमेकींना लागून वाहतात. गाडीत मात्र त्यांची भेट झाली की काय होतं, ते मला पूर ओसरल्यावर कळलं.

दार उघडलं तेव्हा आत बोटभर गाळ होता. मऊ, राखाडी, शेणासारख्या वासाचा. इंजिनातलं तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. त्याच गल्लीतल्या चांगल्या नव्या गाड्या क्रेनने उचलून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्यांच्यातल्या संगणकांनी पाणी प्यायलं होतं. पद्मिनीत संगणक नाही. तारा, बल्ब, स्विच, एक-दोन रिले आणि फ्यूजची पेटी, संपलं. सीट उन्हात टाकल्या, सेल्फ आणि अल्टरनेटर खोलून वाळवले, वायरिंगचा सगळा जुडगा गोड्या पाण्याने धुऊन आठवडाभर पंख्याखाली ठेवला. ऑक्टोबरात ती चालू झाली तेव्हा शेजारच्या काकूंनी पेढे आणले होते. माणसं अजून घराच्या भिंती धूत होती, आणि आमच्या दारात गाडी चालू झाली म्हणून चार माणसं हसत उभी होती, हे मला कधी विसरता यायचं नाही.

काट्याचं नाचणं सुरू झालं त्यानंतर दीडेक वर्षाने. आधी एवढंच की रात्री दिवे लावले की टाकीत पेट्रोल वाढायचं. पावावरचा काटा अर्ध्याकडे सरकायचा. मग इंडिकेटर दिला की काटा त्याच्या तालावर उडायला लागला. टक्, वर, टक्, खाली. तापमानाचा काटाही थोडा साथ द्यायचा. मीटरमधला, म्हणजे काट्यांच्या पेटीतला, इंडिकेटरचा हिरवा दिवा मात्र इतका मंद की उन्हात तो आहे की नाही, हे हाताची सावली करून पाहावं लागे. मी पुण्यात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सुट्टीला घरी आले की तो नाचरा काटा माझ्या डोळ्यांत खुपायचा. "राहू दे गं," आई म्हणायची, "माझं कुठे अडतंय?" पण माझं अडत होतं. गाडी रस्त्यात बंद पडली तर, तारेला तार लागली तर, आणि ऐंशीला टेकलेली बाई परशुराम घाटात एकटी असली तर, असे सगळे "तर" त्या काट्याबरोबर वरखाली होत राहायचे.

म्हणून डिसेंबरात ठरवून चार दिवस काढले. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली जाण्याची एकच रीत आहे. सीटवर पाठ टेकायची, डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च. वरून गंजाची भुकटी डोळ्यांत पडते. कापडी टेपचा, जुन्या रबराचा आणि आमच्या गाडीत अजूनही त्या गाळाचा वास येतो. हात वर घातला की कुठली तरी पत्र्याची कड मनगटाला चाटून जाते. तिथे पडल्यावर गाडीबद्दलची माया निराळीच होते. समोरून आपण वर्षानुवर्षं पाहिलेली ती आडवी, शांत पेटी मागून म्हणजे निवडुंगाचं बेट असतं.

काटा आणि इंडिकेटर यांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी एक हलला की दुसरा हलतो, म्हणजे दोघांना कुठेतरी एकच वाट वापरावी लागते आहे. जाण्याच्या वाटा वेगळ्या असतात, फ्यूजही वेगळे. परतीची वाट एकच: अर्थ, म्हणजे अर्थिंग. मीटरमधल्या सगळ्या बल्बचा, सगळ्या काट्यांचा करंट एका काळ्या तारेतून गाडीच्या पत्र्यावर आणि पत्र्यावरून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. हे मला पहिल्या पाच मिनिटांत सुचलं होतं. मी वीज मोजायचा मल्टीमीटर काढला, तार अखंड असली की वाजतो त्या बीपवर ठेवला, एक टोक मीटरच्या पेटीला लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बीप आला. स्वच्छ, लांब, न तुटणारा. अर्थ चांगला आहे असं मी वहीत लिहिलं आणि पुढे गेले.

त्या एका बीपने माझे दोन दिवस खाल्ले. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट काढून पाहिला. तो हाताने वर-खाली केला की रोध नीट बदलत होता. इंडिकेटरची उघडझाप करवणारा फ्लॅशर बदलला. फ्यूज बदलले, ते छोटे, दोन्ही टोकांना निमुळते, पाठीवर धातूची पट्टी असलेले. स्विचमागची प्रत्येक तार मोजली. जिथे १२ व्होल्ट हवेत तिथे १२ व्होल्ट होते. कागदावर गाडी निरोगी होती. संध्याकाळी इंडिकेटर दिला की काटा नाचत होता. आई ओट्यापाशी मेथी निवडत बसलेली, ती म्हणाली, "रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट कण्हतोय म्हटल्यावर आम्ही रिपोर्ट बाजूला ठेवायचो."

तिसऱ्या दिवशी चाचा आले. खेर्डीकडे त्यांचं वायरमनचं छोटं दुकान आहे. आई त्यांच्या घरच्या बाळंतपणांना गेलेली, त्यामुळे "बाईंची गाडी" म्हटल्यावर हातातलं काम टाकून येतात. त्यांच्या पिशवीत मल्टीमीटर नव्हता. इंडिकेटरचा एक २१ वॉटचा बल्ब, त्याला डाख देऊन जोडलेल्या दोन लांब तारा, टोकाला चिमटे. एक चिमटा त्यांनी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावला आणि दुसरा थेट पत्र्याला. बल्ब डोळे दिपवत पेटला. मग दुसरा चिमटा त्यांनी मीटरच्या अर्थवर आणला. तोच बल्ब पिवळा पडला, अंगात ताप असलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखा. चाचांनी तो मला दाखवायला थोडा वेळ तसाच धरून ठेवला. "ताई, बीपला काय लागतंय? नावाला वाट असली तरी तो वाजतो. वाटेवर ओझं घालून बघायचं."

मी हेच तर शिकवते. बीप देताना मल्टीमीटर तारेतून जेमतेम एखादा मिलिअँपिअर सोडतो, आणि वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी बहुतेक मीटर खुशाल वाजतात. २१ वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. दहा धाग्यांच्या तारेतले नऊ तुटले आणि एक उरला, तरी कोणी काही मागत नाही तोवर त्या एका धाग्याच्या टोकाशी पुरे १२ व्होल्ट दिसतात. मागितलं की कळतं. मग मी मल्टीमीटर पुन्हा काढला आणि या वेळी नीट विचारलं. व्होल्टवर ठेवला, एक टोक मीटरच्या पेटीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि सगळं चालू. तिथे शून्याच्या आसपास काहीतरी हवं. दशांश एक, फार तर दोन. चावी फिरवली, ०.३. पार्किंगचे दिवे लावले, १.८. इंडिकेटर दिला, आणि आकडा १.८ वरून अडीचला, पुन्हा १.८ ला, असा काट्याबरोबरच उड्या मारायला लागला. सुमारे तीन ओहम. माझ्या बीपने ज्याला शून्य म्हटलं होतं ते हे तीन ओहम होते.

काट्यामागे दोन गुंडाळ्या असतात. एक टाकीतल्या फ्लोटशी जोडलेली, दुसरी अर्थशी. दोघींच्या ओढाताणीत काटा कुठेतरी उभा राहतो. मीटरमधला इंडिकेटरचा छोटा बल्ब पेटला की त्याचा पाव अँपिअर त्याच तुंबलेल्या वाटेने निघायचा, वाट आणखी तुंबायची, दुसऱ्या गुंडाळीची ओढ सैल पडायची आणि काटा उडायचा. काट्यात काही दोष नव्हता, फ्लोटमध्ये नव्हता, इंडिकेटरमध्येही नव्हता. डॅशबोर्डच्या बाबतीत हे नेहमीच फसवं असतं. तिथला दिवा पेटला किंवा विझला म्हणजे काय झालं, ते त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे त्यावर ठरतं. चार्जिंगचा लाल दिवा गाडी चालू झाल्यावर विझतो तो वीज गेल्यामुळे नाही, तर बॅटरीच्या बाजूने आणि अल्टरनेटरच्या बाजूने सारखाच दाब आल्यामुळे. मुलांना हे सांगितलं की ती नेहमी एक क्षण गप्प होतात. मला तो क्षण फार आवडतो.

ती काळी तार चाचांनी शोधून काढली. पेडलच्या वर, एका ब्रॅकेटच्या स्क्रूखाली तिचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, होता, आणि स्क्रूच्या डोक्यावर गाळ वाळून सिमेंटसारखा बसलेला. लगच्या खाली हिरवं-निळं. आमच्याकडे त्याला कळंक म्हणतात. पितळेच्या भांड्यात आंबट राहिलं की येतो तोच. चाचांनी लग कापून टाकला आणि तारेवरचं रबर सोललं. आत तांबं नव्हतं, काळा धागा होता. आणखी बोटभर सोललं, काळा. वीतभर गेल्यावर लालसर तांबं दिसलं. पुराचं पाणी कधीच ओसरलं होतं, आम्ही गाडी वाळवली होती, धुतली होती. पण दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते पाणी रबराच्या आत, धाग्याधाग्यांतून वर चढलं आणि आतल्या आत तांबं खात बसलं. बाहेरून तार काळी तुळतुळीत, नव्यासारखी.

काळ्या पडलेल्या तांब्याला डाख धरत नाही, थेंब घरंगळून जातो. म्हणून तो सगळा तुकडा टाकून दिला आणि अडीच चौरस मिलिमीटरची नवी तार घेतली. चाचांनी तिचं टोक आधी राळेत बुडवलं, मग कथलाचं पाणी पाजलं. राळेचा तो गोडसर धूर नाकात गेला आणि मला एकदम आजीच्या मागच्या अंगणातला कल्हईवाला आठवला. भाता, लाल झालेलं पातेलं, नवसागराची चिमूट, पांढरा लोट, आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात फिरलेलं चंदेरी पाणी. तिथेही कथीलच, कळंक येऊ नये म्हणूनच. फरक इतकाच की नवसागर तारेला चालत नाही. तो मागे राहतो आणि पुढे तांबं खातो. तारेला राळच हवी. मी हे चाचांना सांगायला गेले तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे थोबाडीत मारून शिकवलं होतं म्हणे.

मग ब्रॅकेटचा पत्रा पॉलिशपेपरने चांदीसारखा होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, स्क्रू आवळला, वरून व्हॅसलिन. मल्टीमीटर लावला. सगळे दिवे चालू असताना ०.०४.

त्या रात्री आम्ही तिघं अंगणात गाडीचे दिवे लावून उभे होतो. मीटरमधला उजेड इतका स्वच्छ पडला होता की आकड्यांमधली धूळही दिसत होती. काटा पावावर होता, आणि इंडिकेटर दिल्यावरही पावावरच राहिला. आई ड्रायव्हरच्या सीटवर बसून बराच वेळ पाहत होती. "छान झालं," ती म्हणाली. मग तिला दसपटी भागातली ती रात्र आठवली. मी नववीत होते, आणि ती मला मुद्दाम सोबतीला घेऊन गेली होती, कारण परतताना झोप येऊ नये म्हणून कोणीतरी बोलायला हवं. जाताना अर्ध्या वाटेत हेडलाइटचा फ्यूज उडाला. जवळ दुसरा नाही. बोलवायला आलेल्या माणसाच्या खिशात सिगरेटचं पाकीट होतं. आईने त्यातली चांदी काढून फ्यूजवर गुंडाळली आणि तो परत बसवला. सबंध रस्ता तिने एक हात डॅशबोर्डखाली धरला होता, तारा तापतात का ते बघायला, कारण चांदी वितळत नाही, तार जळते. गिअर टाकायचा तेव्हाच तो हात वर यायचा. मी शेजारी बसून तो हात पाहत होते. मुलगी झाली त्या घरात, पहाटे. परत आल्यावर आईने अंघोळीच्याही आधी नवा फ्यूज आणवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजीला गेली.

"काटा कुठे हलत होता?" या प्रश्नाचा अर्थ मला लगेच लागला नाही. मी तिला समजावायलाच लागले, की काटा आता हलणार नाही, तेच तर दुरुस्त केलं. ती म्हणाली, "ते कळलं. पण मग इंडिकेटर चालू आहे हे मला कळणार कसं?" मी म्हटलं, "आवाज येतो की!" फ्लॅशरचा आवाज. टक्, टक्, टक्. मी चावी फिरवली, दांडी खाली केली. तो आवाज अंगणापर्यंत येत होता. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, मी कधी थांबते याची वाट पाहत असल्यासारखी.

मग मी ती दांडी तशीच ठेवून खाली बसले. गेली दोन-तीन वर्षं फोनवर मी साखर म्हटलं की ती वेगळंच काही ऐकायची, आणि मी म्हणायचे, रेंज नाही वाटतं. सोसायटीचा गच्चीचा प्रश्न सांगितला की ती आजारपणाबद्दल विचारायची, आणि मी म्हणायचे, तुझा फोन जुना झालाय, नवा घेऊ. नवा घेतलाही. टीव्हीचा आवाज वाढला तेव्हा टीव्ही जुना. कुकरच्या शिट्ट्या मोजायला तिने शेजारच्या मुलीला सांगितलं, तेव्हा तिला गुडघ्यांमुळे उठवत नाही असं मी समजले. जिथे जिथे काही तुंबत होतं तिथे मी तार बदलत गेले. तिला विचारलं तर ती बरं आहे म्हणायची, आणि मला तेवढं पुरत होतं.

आणि तिने, कोणाला न सांगता, नाचणाऱ्या काट्यावर काम भागवलं होतं. दांडी आपोआप परत यायची केव्हाच बंद झालेली, हिरवा दिवा उन्हात दिसत नाही, टक्-टक् ऐकू येत नाही; पण काटा हलतोय म्हणजे इंडिकेटर चालू, थांबला म्हणजे बंद. ज्या काट्यावर तिने पेट्रोलसाठी कधी विश्वास ठेवला नाही, त्यावर तिने हा विश्वास ठेवला, आणि तो काटा दीड वर्ष एकदाही चुकला नाही.

कानांची तपासणी मी लगेचच्या आठवड्यात करून घेतली. काचेच्या छोट्या खोलीत कानांवर हेडफोन लावून आई बसली होती, हातात एक बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. मी बाहेर उभी. २५० हर्ट्झला तिने चटकन दाबलं, ५०० ला, १,००० ला. पुढे पुढे ती थांबायला लागली. ४,००० ला तिने डोळे मिटले, नुसती बसून राहिली, बटणावर अंगठा तसाच. बाहेरच्या पडद्यावर दिसत होतं की बीप चालू आहे. तिने त्या बसण्यात कितीतरी बाळांचे ठोके ऐकले असतील, गरोदर बाईच्या पोटाला नळकांडं लावून, असेच डोळे मिटून. आलेख डावीकडून उजवीकडे उतरत गेला, कुंभार्ली घाटासारखा. वयामुळे वरचे स्वर आधी जातात, तिथल्या मुलीने सांगितलं. म्हणून स, श, च यांची गफलत होते, म्हणून फ्लॅशरचा बारीक खटका हरवतो, आणि पुरुषांचं जाड बोलणं मात्र कळतं. आईने तिला थांबवलं नाही. हे सगळं तिला माहीत होतं, तिने हजारदा पेशंटना सांगितलं असेल.

श्रवणयंत्रं आली. त्यांच्या चिमुकल्या १.४ व्होल्टच्या बॅटऱ्या, पाठीवर कागदी चिकटपट्टी. ती ओढून काढली की हवा आत शिरते आणि बॅटरी जिवंत होते. आई ती घरात लावते, फोनवर लावते. गाडीत काढून डबीत ठेवते, कारण इंजिनाचा आवाज तिला डोक्यात घण घातल्यासारखा लागतो. मी फार वाद घातला नाही. तिने गाडी चालवावी की नाही, याबद्दल माझ्या मनात रोज वेगळं उत्तर असतं. पुण्यात असले की वाटतं, पुरे झालं आता. तिच्या शेजारी बसले की वाटतं, हिच्याइतकं रस्त्याकडे बघणारं दुसरं कोणी नाही. डोळे तिचे चांगले आहेत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तर जास्तच. ठरवायचा अधिकार माझा नाही, हेही मला कळतं, आणि काही झालं तर मला झोप लागणार नाही, हेही.

चाचांना तिने स्वतः बोलावलं. मी पुण्याला निघायची तयारी करत होते. "तो स्क्रू जरा सैल करून दे," ती त्यांना म्हणाली. ती अगदी गंभीर होती. चाचा माझ्याकडे बघायला लागले. स्क्रू सैल म्हणजे पुन्हा गरम होणं, पुन्हा कळंक. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून स्कूटरच्या मीटरला असतो तसा एक छोटा पिवळा दिवा काढला. फ्लॅशरवरून एक तार, आणि अर्थ आम्ही घासलेल्याच त्या ब्रॅकेटवर. दिवा डॅशबोर्डच्या वर, काचेला लागून, आईच्या नजरेच्या रेषेत. त्याला त्यांनी डब्याच्या पत्र्याची छोटी टोपी केली, ऊन पडू नये म्हणून. वीस मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, आणि आईने त्यांना तसं जाऊ दिलं नाही. पाऊण तास ते भांडण चाललं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या तेव्हा मला सगळीकडून फोटो आले होते. सगळ्यात शेवटी नोंदलेली टॅक्सी ताडदेवच्या आरटीओतली, २९ ऑक्टोबर २००३ ची. तिची वीस वर्षं भरली. आईला मी ते फोटो दाखवले होते. तिने विचारलं, "मग त्यांचे मीटर कुठे जातील?" मला तेव्हा तो प्रश्न भाबडा वाटला होता. आमच्या मीटरची काच फुटली होती, तिच्या जागी दुसरी यंदा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणली, जिथे गाडी जन्मली त्याच कुर्ल्यातून. दुकानदाराने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, आणि काळ्या-पिवळ्या रंगाचा एक टवका तिच्या कडेला चिकटलेला होता.

परवा आम्ही गुहागरला निघालो. मार्गताम्हाण्याच्या पुढे हवा बदलते, समुद्र दिसायच्या आधी तो ओठांना लागतो. निघताना आईने पेट्रोल भरलं. काटा सरळ, ठाम, पूर्ण भरल्याच्या खुणेवर गेला आणि तिथेच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, वही उघडली, तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहिले. शृंगारतळीला वळण आलं तशी तिने दांडी खाली केली. काचेजवळच्या टोपीखाली पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. मला फ्लॅशर ऐकू येत होता. आईचा उजव्या हाताचा अंगठा स्टिअरिंगच्या कडेवर हळूहळू वाजत होता, दिव्याबरोबर, बरोब्बर त्याच तालात. आणि गाडी वळून सरळ झाली, तिने दांडी वर केली, तेव्हा तो थांबला.